विश्लेषण : ड्युरँड चषक जिंकला, पण पुढचे दार उघडले का?

कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ३१ ऑगस्ट २०२४ रोजी नॉर्थईस्ट युनायटेडने मोहन बागान सुपर जायंटला पेनल्टी शूटआऊटमध्ये नमवून ड्युरँड चषक जिंकला. मध्यंतराला दोन गोलांनी मागे असलेल्या संघाने गतविजेत्यांना त्यांच्याच शहरात हरवले. २०१४ मध्ये स्थापन झालेल्या या क्लबचे हे पहिलेच मोठे विजेतेपद. त्या रात्रीचे कौतुक भरपूर झाले. मात्र भारतात एखाद्या छोट्या संघाने चषक जिंकल्यानंतर त्याच्या हाती नेमके काय लागते, हा प्रश्न मागेच राहिला.

अंतिम सामन्यात काय घडले?

अकराव्या मिनिटाला जेसन कमिन्सने पेनल्टीवर गोल करून मोहन बागानला आघाडी मिळवून दिली. मध्यंतराच्या अगदी आधी सहल अब्दुल समदने दुसरा गोल केला. घरचे मैदान आणि दोन गोलांची आघाडी पाहता सामना जवळपास संपल्यात जमा होता.

उत्तरार्धात चित्र पालटले. ५५व्या मिनिटाला मोरोक्कोच्या अलाएद्दीन अजराईने एक गोल फेडला आणि अवघ्या तीन मिनिटांनी स्पेनच्या गुलेर्मो फर्नांडेझने बरोबरी साधली. त्यानंतर गोल झाला नाही. शूटआऊटमध्ये गोलरक्षक गुरमीत सिंगने गोव्याचा लिस्टन कुलासो आणि कर्णधार शुभाशीष बोस यांचे फटके अडवले आणि नॉर्थईस्टने ४-३ अशी बाजी मारली.

विशेष म्हणजे, मोहन बागानने त्या स्पर्धेतील उपांत्यपूर्व आणि उपांत्य हे दोन्ही सामने शूटआऊटमध्येच जिंकले होते. उपांत्य सामन्यात बंगळूरुविरुद्ध तेही दोन गोलांनी मागे होते. ज्या वाटेने ते अंतिम फेरीपर्यंत आले, त्याच वाटेवर त्यांची स्पर्धा संपली.

नॉर्थईस्टला लिंबूटिंबू का मानले जात होते?

मोहन बागानच्या नावावर विक्रमी १७ ड्युरँड विजेतेपदे आहेत. २०२३-२४ मध्ये इंडियन सुपर लीगची, म्हणजे आयएसएलची, साखळी फेरी त्यांनी अव्वल स्थानी संपवली होती. त्यानंतर ऑस्ट्रेलियाचा जेमी मॅकलारेन आणि स्कॉटलंडचा ग्रेग स्टुअर्ट यांच्यासारखे महागडे खेळाडू त्यांनी घेतले.

नॉर्थईस्टची कहाणी याच्या उलट आहे. हा गुवाहाटीचा क्लब ईशान्येकडील आठ राज्यांचे प्रतिनिधित्व करतो. भारतीय फुटबॉलला सर्वाधिक खेळाडू देणाऱ्या भागांपैकी हा एक. मात्र चांगले खेळाडू इथे घडायचे आणि नाव कमवायचे ते कोलकाता, गोवा, बंगळूरु किंवा मुंबईत. आयएसएलमध्ये नॉर्थईस्टने फक्त दोनदा उपांत्य फेरी गाठली होती. त्यातल्या दुसऱ्या वेळी, २०२०-२१ मध्ये, संघाची धुरा हंगामाच्या मध्यावर मुंबईकर खालिद जमील यांच्याकडे आली होती.

त्यानंतर घसरण झाली. २०२१-२२ मध्ये ११ संघांत दहावे स्थान आणि २०२२-२३ मध्ये थेट तळ. त्या हंगामात २० सामन्यांत एक विजय, दोन बरोबरी, १७ पराभव आणि अवघे पाच गुण. पाच गुणांपासून चषकापर्यंतचे अंतर या संघाने सुमारे दीड वर्षात कापले.

या काळात नेमके काय बदलले?

२०२३ च्या मे महिन्यात स्पेनचे हुआन पेद्रो बेनाली प्रशिक्षक म्हणून आले. त्याच वर्षीच्या ड्युरँड स्पर्धेत नॉर्थईस्टने उपांत्य फेरी गाठली. सॉल्ट लेकवरच झालेल्या त्या सामन्यात ईस्ट बंगालविरुद्ध त्यांच्याकडे दोन गोलांची आघाडी होती. ईस्ट बंगालने भरपाई वेळेत बरोबरी साधली आणि शूटआऊटमध्ये सामना हिसकावून घेतला. वर्षभरानंतर त्याच मैदानावर नॉर्थईस्टने तोच धडा मोहन बागानला दिला.

पुढचा आयएसएल हंगाम संघाने सातव्या स्थानी संपवला. प्रशिक्षक बदलला नाही. अजराईसारखा मोका साधणारा आघाडीपटू घेतला. त्यामुळे २०२४ चे यश हे एका रात्रीचे नशीब नव्हते. बेनाली यांना पहिल्या पराभवानंतर घरी पाठवले असते, तर ही रात्र आलीच नसती.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. पाच गुणांवर तळाला राहूनही नॉर्थईस्टची खालच्या श्रेणीत रवानगी झाली नाही, कारण आयएसएलमध्ये पदावनती नव्हती. बंद लीगनेच या संघाला सावरायला वेळ दिला. म्हणजे ज्या व्यवस्थेवर पुढे टीका करायची, तिचा पहिला फायदाही याच संघाला झाला.

चषक स्पर्धेतच असे निकाल का लागतात?

लीगमध्ये २०-२५ सामने होतात. एखादा दिवस वाईट गेला तरी भरपाईची संधी मिळते. राखीव फळी मजबूत असलेला श्रीमंत संघ शेवटी वर येतोच. बाद फेरीत मात्र ९० मिनिटांतच हिशेब होतो.

फुटबॉलमध्ये गोलही कमी होतात. बास्केटबॉलमध्ये शंभराच्या आसपास गुण होत असल्याने सरस संघाचे वर्चस्व धावफलकावर उमटतेच. फुटबॉलमध्ये तीन मिनिटांतले दोन गोल अख्खा सामना फिरवतात. सामना शूटआऊटपर्यंत खेचला, तर महागड्या आक्रमणाचे मोल आणखी कमी होते. उरतो तो एक गोलरक्षक आणि ११ मीटरवरचा चेंडू. छोट्या संघांना चषक स्पर्धा हवीहवीशी वाटते ती यामुळेच.

या विजयातून क्लबला काय मिळाले?

करंडक, बक्षिसाची रक्कम आणि आत्मविश्वास. यातला आत्मविश्वास मैदानावर दिसला. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये नॉर्थईस्टने बाद फेरी गाठली आणि अजराईने २३ गोल करून लीगचा एका हंगामातील विक्रम रचला. २०२५ मध्ये डायमंड हार्बर एफसीला अंतिम सामन्यात ६-१ असे नमवून संघाने ड्युरँड चषक राखलाही.

पण पुढच्या पायरीचे काय? ड्युरँडच्या विजेत्याला आशियाई स्पर्धेत थेट स्थान मिळत नाही. ते मिळते सुपर चषकाच्या विजेत्याला. २०२४ च्या जानेवारीत ईस्ट बंगालने सुपर चषक जिंकला. त्या हंगामात हा संघ आयएसएलमध्ये नवव्या स्थानी होता. तरीही त्या एका चषकाच्या बळावर त्याला आशियाई पात्रता सामना खेळता आला. तिथे हरल्यानंतर तो आशियाई चॅलेंज लीगमध्ये उतरला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला. चषकामागे वाट असली की मधल्या फळीतला संघही किती दूर जातो, याचे हे घरचेच उदाहरण.

याआधीच्या अनपेक्षित विजेत्यांचे काय झाले?

इथे चित्र उदास आहे. २०१९ मध्ये गोकुलम केरळाने याच मैदानावर मोहन बागानला २-१ असे हरवून ड्युरँड जिंकला. दोन्ही गोल मार्कस जोसेफचे होते. तो संघ तिथेच थांबला नाही. २०२०-२१ आणि २०२१-२२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याने आय-लीगही जिंकली. तरीही त्याला आयएसएलमध्ये बढती मिळाली नाही, कारण विजेत्याला बढती देण्याची तरतूद २०२२-२३ च्या हंगामापासून लागू झाली. एक संघ तळाला राहूनही वरच्या लीगमध्ये टिकला आणि दुसरा दोनदा जिंकूनही खालीच राहिला. दोन्ही एकाच व्यवस्थेची फळे.

ऐजॉलचेही तेच. खालिद जमील यांच्या मार्गदर्शनाखाली या मिझोरामच्या संघाने २०१६-१७ मध्ये आय-लीग जिंकून देशाला थक्क केले. त्यानंतरच्या हंगामात आयएसएलचा विस्तार झाला, पण ऐजॉलला जागा मिळाली नाही.

महाराष्ट्रालाही हा अनुभव आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग आणि २००८ मध्ये ड्युरँड चषक जिंकला. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी २०१४ च्या ड्युरँड अंतिम सामन्यात गोव्याच्या साळगावकरकडून हरला आणि काही काळातच तो संघही व्यावसायिक फुटबॉलमधून दिसेनासा झाला. मुंबईत १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स चषक शतकभर कूपरेजची शान होता. या शतकाच्या सुरुवातीला तोही बंद पडला. चषक जिंकणे ही क्लबच्या आयुष्याची हमी नाही आणि जुना असणे ही चषकाच्या आयुष्याची हमी नाही.

इतर देशांत वेगळे काय आहे?

२०१३ च्या मे महिन्यात विगन अॅथलेटिकने एफए चषकाच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला १-० असे हरवले. बेन वॉटसनचा गोल भरपाई वेळेत झाला. तीनच दिवसांनी आर्सेनलकडून पराभूत होऊन विगन प्रीमियर लीगमधून खाली गेला. एकाच हंगामात हा चषक जिंकणारा आणि पदावनत होणारा तो पहिला संघ.

तरीही पुढच्या हंगामात दुसऱ्या श्रेणीत खेळणारा हाच विगन युरोपा लीगच्या गटात उतरला, कारण चषकाचे बक्षीस आधीच ठरलेले होते. लीगने शिक्षा दिली आणि चषकाने संधी दिली. दोन्ही नियमाने झाले. भारतात अजून असे नाही.

२०२५ च्या स्पर्धेने काय दाखवले?

आयोजकांनी २०२५ साठी एकूण बक्षीस रक्कम वाढवून तीन कोटी रुपये केली. मात्र २४ संघांत आयएसएलचे फक्त सहा संघ उतरले. मुंबई सिटी आणि एफसी गोवा हे दोघेही नव्हते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातील कराराची मुदत डिसेंबरमध्ये संपणार होती आणि नव्या कराराचा पत्ता नव्हता. त्यामुळे जुलैमध्येच आयएसएल स्थगित झाली. हंगामच अनिश्चित असताना अनेक क्लबनी सराव सुरू केला नाही.

त्याच स्पर्धेत डायमंड हार्बर या २०२२ मध्ये स्थापन झालेल्या संघाने पदार्पणातच ईस्ट बंगालला उपांत्य फेरीत हरवले. वरच्या थरात करारांचा घोळ सुरू असताना खालच्या थरातून नवा संघ वर येत होता. भारतीय फुटबॉलमध्ये जिद्दीची कमतरता नाही, शिडीची आहे.

मग काय करायला हवे?

ड्युरँडच्या विजेत्याला थेट आशियाई स्थान द्यावे, ही मागणी सोपी आहे, पण ती टिकणारी नाही. १८८८ मध्ये शिमल्यात सुरू झालेली ही स्पर्धा आजही सैन्यदलांच्या पुढाकाराने होते. संघ निमंत्रणावरून येतात. नेपाळ आणि मलेशियाचे लष्करी संघही त्यात खेळले आहेत. शिवाय मोठे क्लब कधी पूर्ण ताकदीने येतात, कधी राखीव फळी पाठवतात, तर कधी येतच नाहीत. अशा स्पर्धेतून देशाचा प्रतिनिधी निवडणे योग्य ठरणार नाही.

पण मधला मार्ग आहे. ड्युरँडच्या विजेत्याला, तो कोणत्याही श्रेणीतला असो, सुपर चषकाच्या मुख्य फेरीत हक्काची जागा द्यावी. आशियाई स्थानाची वाट तिथून जाते. त्यामुळे ड्युरँडला वजन येईल आणि मोठ्या क्लबना राखीव फळी पाठवताना विचार करावा लागेल. दुसरे, हंगामाच्या तारखा आधीच ठरवाव्यात आणि पाळाव्यात. तिसरे, बढतीसोबत पदावनतीही लागू करावी. नॉर्थईस्टला तिच्या अभावाचा फायदा झाला, हे खरे. मात्र एका क्लबला मिळालेली सवलत हे गोकुलम आणि ऐजॉलला बाहेर ठेवण्याचे कारण होऊ शकत नाही. खाली गेलेल्या क्लबला सावरण्यासाठी दोन-तीन वर्षे आर्थिक मदत देता येते. इंग्लंडमध्ये तसे केले जाते.

यासाठी वरच्या क्लबना आपली सुरक्षित जागा सोडावी लागेल आणि अडचण नेमकी तिथेच आहे. बंद लीगमध्ये गुंतवणूकदाराला खात्री मिळते, खुल्या लीगमध्ये गुवाहाटी, कोझिकोड किंवा ऐजॉलच्या मुलाला. आतापर्यंत महासंघाने पहिल्याचेच अधिक ऐकले. नॉर्थईस्टने मोहन बागानला हरवून दाखवले, ते छोट्या संघांची ताकद सिद्ध करायला पुरेसे आहे. त्या ताकदीला नियमात जागा देणे हे काम मैदानावरचे नाही. ते महासंघाच्या टेबलावरचे आहे आणि तिथे अजून एकही गोल झालेला नाही.