दलाली खरेदीखतात लिहा

घर विकायला निघालेला माणूस आमच्याकडे दलालाला एक वाक्य हमखास बोलतो: ‘मला एवढे हातात पाहिजेत, वरचे तुमचे.’ चिखलीला दुय्यम निबंधक कार्यालयाजवळ बसून मी कित्येक वर्षं दस्त लिहितो आहे. घरांच्या व्यवहारातली जी भांडणं माझ्या टेबलापर्यंत आली, त्यातली बरीचशी या एका वाक्यातून निघालेली आहेत.

दस्त तयार झाला की तो दोन्ही बाजूंना मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच सह्या घ्यायच्या, असा माझा नेम आहे. गेल्या उन्हाळ्यात एका जुन्या घराची खरेदी होती. विकणाऱ्या बाई घाटाखालच्या, मोताळ्याकडच्या. मालक वारलेले, मुलगा चाकणला कंपनीत. घेणारं जोडपं इथलंच. दोघं मिळून किराणा दुकान चालवतात. मी वाचत वाचत ‘मोबदला रुपये चौदा लाख’ इथपर्यंत आलो आणि घेणाऱ्या बाईंनी मान वर केली. ‘काका, सतरा ना?’ दलाल लगेच पुढे झाला. ‘वहिनी, ते वरखर्चाचं वेगळं हाय, नंतर सांगतो.’ विकणाऱ्या बाई त्याच्याकडे पाहत म्हणाल्या, ‘मले तं चौदाच्या वर कोनी देत नाही म्हनलं होतं तुमी.’

त्यावर बराच वेळ कोणीच काही बोललं नाही. बोलण्यासारखं उरलंही नव्हतं. इसारपावती झालेली, बाईंच्या मुलाची सुट्टी दुसऱ्या दिवशी संपणार, घेणाऱ्यांनी दागिने मोडून पैसे उभे केलेले. सह्या झाल्या. तीन लाख मधल्या मधे गेले. त्याशिवाय एक-एक टक्का दोघांनीही उघडपणे दिलाच.

तीन लाखांवर हे संपत नाही. घेणाऱ्याने सतरा मोजले, पण कागदावर त्याची खरेदी चौदाची. उद्या ते घर विकायची वेळ आली तर खरेदीची किंमत चौदाच धरणार, म्हणजे न झालेल्या तीन लाखांच्या नफ्यावर कर भरायची पाळी त्याच्यावर येणार. कर्ज काढायचं असतं, तर बँकेने चौदाचा दस्त पाहूनच रक्कम ठरवली असती. आणि ते तीन लाख रोखीने गेले. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला 1 जून 2015 पासून मनाई आहे, ती रोकड स्वीकारणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. हे दुकानदार जोडप्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम ज्याचं, त्याचाच फायदा न सांगण्यात होता.

दलाल नकोच, असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही तेच असं म्हणतात. आमच्या जिल्ह्यातली मुलं पुण्याला, संभाजीनगरला, सुरतेला कामाला आहेत. वडलांच्या मागे गावातलं घर विकायचं तर दिवाळीच्या चार दिवसांच्या सुट्टीत. चार बहिणी चार गावांना. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे 2005 च्या दुरुस्तीने ठरलं आणि 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. तेव्हा एकही बहीण सुटून चालत नाही. एकीची सही राहिली तर घेणाऱ्याच्या डोक्यावर दाव्याची टांगती तलवार. या सगळ्या बहिणींना हक्कसोडपत्रासाठी एका दिवशी एका ठिकाणी आणणं, रुसलेल्या जावयाची समजूत काढणं, नगरपालिकेची कराची थकबाकी शोधून भरायला लावणं, मोजणीच्या दिवशी हजर राहून भिंत कुणाची हे शेजाऱ्यासमोर ठरवून घेणं, ही कामं चांगला दलालच करतो. माझ्या ओळखीत असे दलाल आहेत. दोन टक्के मागितले तरी त्यांना ते आनंदाने द्यावेत. त्यांची मेहनत मी डोळ्यांनी पाहतो.

म्हणूनच ‘वरचे तुमचे’ मला इतकं खुपतं. या बोलीवर काम घेतलेला माणूस मध्यस्थ राहतच नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्याला दोघांची गाठ घालून देण्याची घाई असते. वरच्या पैशावर काम करणाऱ्याला दोघांना एकमेकांपासून लांब ठेवावं लागतं. घर दाखवायला नेलं की मालकाला बाहेर पाठवतो, मालकाचा फोन नंबर देत नाही, इसारपावतीवर रकमेची जागा कोरी ठेवतो. काही जण तर थोडा इसार देऊन पावती स्वतःच्या नावाने करून घेतात आणि मुदतीच्या आत तिसऱ्याला चढ्या भावाने फिरवतात. विकणाऱ्याला वाटतं आपलं गिऱ्हाईक हाच, आणि खरेदीच्या दिवशी समोर अनोळखी माणूस बसलेला.

मग कायदा कुठे आहे? कायदा आहे, पण तो आमच्या गल्लीपर्यंत पोहोचत नाही. 2016 चा रेरा कायदा राज्यात 1 मे 2017 पासून लागू झाला. त्याखाली एजंटाने महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, नोंदणी करायची. त्याचा नोंदणी क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’ने. 2023 पासून एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. हे चांगलंच झालं. पण ही नोंदणी लागते ती महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पातली घरं नि प्लॉट विकायला. पाचशे चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर प्रकल्पालाच नोंदणीतून सूट. आणि जुनं घर एकाकडून दुसऱ्याकडे जातं, त्याला तर रेराचा संबंधच येत नाही. चिखलीत, मेहकरात, देऊळगाव राजात माझ्यासमोर येणारे व्यवहार बहुतेक याच जातीचे. म्हणजे मुंबई-पुण्याच्या टॉवरमधल्या फ्लॅटच्या एजंटाला परीक्षा, आणि विधवा बाईचं एकुलतं एक घर विकून देणाऱ्याला काहीच नाही.

प्लॉटचं प्रकरण आणखी कठीण. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला. तो आमच्या मेहकर, सिंदखेड राजा भागातून जातो. ‘इंटरचेंजपासून पाच मिनिटं’ असं सांगून शेतात चुन्याच्या रेघा मारून प्लॉट दाखवले जातात. सातबारा पाहावा तर शेतीच. अकृषक आदेश नाही, मंजूर नकाशा नाही. खरेदी नोंदवता येत नाही म्हटलं की ‘नोटरी करून देतो’ हे उत्तर तयार. नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. मुखत्यारपत्र आणि साध्या करारनाम्याने घर-जमिनीची मालकी हस्तांतरित होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच स्पष्ट केलंय. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो. प्लॉट पाहायला जाण्याआधी तो काढा, आणि सर्च रिपोर्ट दलालाच्या वकिलाकडून नको, आपल्या वकिलाकडून घ्या.

दलालीतल्या या लपवाछपवीवर उपाय शोधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. वऱ्हाडात एके काळी कापसाचा सौदा असाच अंधारात व्हायचा. माप कुणाचं, दलाली किती, कपात कशाची, शेतकऱ्याला पत्ता नसे. मग 1886 मध्ये शेजारच्या कारंजाला देशातला पहिला नियंत्रित बाजार सुरू झाला आणि 1897 मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच झाला. आमच्या खामगावला 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तोही कापसासाठीच. एवढी ती पेठ मोठी. आज बाजार समितीत माल नेला की शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी पडते: वजन इतकं, भाव इतका, हमाली इतकी, तोलाई इतकी. चुकलं तर दाखवायला कागद असतो. दहा क्विंटल कापसाला जी पट्टी मिळते ती जन्मभराच्या घराला मिळत नाही, हे मला पटत नाही. हरियाणाने 2008 मध्येच मालमत्ता दलालांसाठी वेगळा कायदा करून परवाना सक्तीचा केला. आपल्या राज्याला ते अशक्य नाही.

तोवर माझ्या हातात जेवढं आहे तेवढं मी करतो. ज्या व्यवहारात दलाल आहे, तिथे खरेदीखतात एक परिच्छेद घालायचा आग्रह धरतो: हा व्यवहार अमुक यांच्या मध्यस्थीने झाला, त्यांना लिहून देणाराने इतके व लिहून घेणाराने इतके रुपये बँकेमार्फत दिले, आणि याखेरीज कोणतीही रक्कम कुणालाही दिलेली नाही. दलालाची सही साक्षीदार म्हणून घेतो. चांगले दलाल लगेच तयार होतात. एक जण तर आता त्याची छापील चिठ्ठीच घेऊन येतो. ज्यांना हा परिच्छेद नको असतो ते दुसऱ्या दस्तलेखकाकडे जातात. जाऊ देत.

पण एका माझ्या आग्रहाने काय होणार? नोंदणीआधी आम्ही संगणकावर जी माहिती भरतो, तिच्यात दोन्ही पक्षांचा पॅन विचारतात, ओळख पटवणाऱ्यांची नावं विचारतात, मिळकतीची माहिती विचारतात. ज्याने सौदा जुळवला त्याच्यासाठी एक रकानाही नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाने तो रकाना घालावा: मध्यस्थाचं नाव, पॅन, कोणाकडून किती. मध्यस्थ नसेल तर ‘नाही’ लिहून खाली दोघांच्या सह्या. विभागाने मनावर घेतलं तर हे येत्या गुढीपाडव्याच्या खरेद्यांपासून सुरू होऊ शकतं.