ओळखीचं नाव

अमेरिकेत २०२४ च्या अध्यक्षीय निवडणुकीची मतमोजणी संपते न संपते तोच २०२८ ची उमेदवारी कोणाला, याच्या जनमत चाचण्या सुरू झाल्या आणि आपल्याकडच्या वृत्तपत्रांनीही त्या इमानेइतबारे छापायला घेतल्या. हल्ली आठवडा सुना जात नाही. अमुक आघाडीवर, तमुक पिछाडीवर, कोणी दोन टक्क्यांनी वर सरकला, कोणी तीनने घसरला. या सदराच्या वाचकांना माझं टक्केवारीचं वेड ठाऊक आहे. पावसाच्या अंदाजापासून दहावीच्या निकालापर्यंत मी कशाकशावर कागद काळे केले तेही त्यांनी निमूट सोसलं आहे. तेव्हा माझा राग टक्क्यांवर नाही, ‘आघाडीवर’ या शब्दावर आहे. शर्यत सुरू व्हायच्या आधी आघाडीवर कोण असतो? ज्याचं घर मैदानाच्या फाटकाला लागून आहे तो.

माहिती थोडक्यात उरकतो. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार पक्षाचे मतदार निवडतात. त्यासाठी राज्याराज्यांत आळीपाळीने पक्षांतर्गत मतदान होतं. काही राज्यांत साधी मतपत्रिका, काही राज्यांत कॉकस नावाची जाहीर सभा. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होऊन जूनपर्यंत चालतं, पण चाचण्या त्याच्या वर्ष-दोन वर्षं आधीपासून. आणि त्या चाचण्यांतल्या राजांची यादी म्हणजे पदच्युतांची यादी आहे. १९७९ मध्ये एडवर्ड केनेडी विद्यमान अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या जवळजवळ दुप्पट पसंती मिळवत होते. उमेदवारी कार्टर यांना मिळाली. २००३ च्या अखेरीस हॉवर्ड डीन यांचा घोडा सुटलेला होता आणि जॉन केरी बॉस्टनमधलं घर गहाण ठेवून प्रचाराचा खर्च भागवत होते. जानेवारी २००४ मध्ये आयोवाच्या कॉकसमध्ये केरी ३८ टक्के, डीन १८. रुडॉल्फ जुलियानी तर २००७ चा बहुतेक काळ रिपब्लिकन चाचण्यांत पहिले होते. त्यांनी सगळी भिस्त फ्लोरिडावर ठेवली, तिथे तिसरे आले आणि दुसऱ्या दिवशी जॉन मॅकेन यांना पाठिंबा देऊन मोकळे झाले. त्याच मॅकेन यांच्या प्रचाराची तिजोरी त्याआधीच्या जुलैत रिकामी झाली होती, माणसं सोडून गेली होती, आणि जाणत्यांनी त्यांच्या नावावर काट मारली होती.

यावर नेहमीचं स्पष्टीकरण असं की मतदाराने मत बदललं. मला ते पटत नाही. बदलायला आधी मत व्हावं लागतं. चाचणी घेणारा फोन करतो, आठ-दहा नावं वाचून दाखवतो आणि विचारतो, यांतलं कोण? ज्याला फोन येतो तो त्या क्षणी स्वयंपाकात असतो, नाहीतर मुलाला शाळेतून आणत असतो. निवडणूक वर्षभर लांब. आठ नावांतली सहा त्याने कधी ऐकलेली नसतात. मग तो ओळखीच्या नावाला हो म्हणतो, जसा आपण नव्या गावात ओळखीच्या पाटीच्या दुकानात शिरतो. यात लबाडी नाही, मूर्खपणाही नाही. प्रश्न ‘कोण हवं’ असा विचारला, उत्तर ‘कोण ठाऊक आहे’ याचं मिळालं, एवढंच. सार्वत्रिक निवडणुकीत हे इतकं होत नाही, कारण तिथे पक्ष नावाची भक्कम खूण असते. उमेदवार कोणीही असो, आपला की त्यांचा हे ठरलेलं असतं. पक्षाच्या आतल्या लढतीत ती खूणच नाहीशी होते. सगळे आपलेच, सगळ्यांचं म्हणणं एकोणीस-वीस. अशा वेळी एकाकडून दुसऱ्याकडे जायला मतदाराला काहीच मोडावं लागत नाही. शेजारच्या खुर्चीवर सरकून बसण्याला कोणी पक्षांतर म्हणत नाही.

लगेच आक्षेप येईल की डोनाल्ड ट्रम्प यांचं काय. जून २०१५ मध्ये ते उतरले, महिन्याभरात पहिले झाले आणि नोव्हेंबरात बेन कार्सन यांनी काही दिवस धाप लागेपर्यंत पळवलं तेवढं सोडलं तर पहिलेच राहिले. २०२२ च्या अखेरीस काही चाचण्यांत रॉन डिसँटिस त्यांच्या पुढे होते. जानेवारी २०२४ मध्ये आयोवात ट्रम्प यांना एकट्याला ५१ टक्के पडली आणि आठवड्याभरात डिसँटिस घरी गेले. म्हणजे सुरुवातीचा कौल टिकतोही. टिकतोच, मी टिकत नाही म्हणत नाही. पण कोणाचा टिकतो ते पाहा. ट्रम्प यांचं मतदाराला नाव ठाऊक होतं एवढंच नव्हे, बरंवाईट सगळं ठाऊक होतं आणि त्यावर त्याचं मत झालेलं होतं. विरोधक जो गौप्यस्फोट करणार तो त्याने आधीच ऐकून, पचवून, माफ करून टाकला होता. जुलियानी यांचं नाव काही कमी गाजलेलं नव्हतं. पण लोकांना जुलियानी ठाऊक होते ते ११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कचे महापौर म्हणून. गर्भपात आणि बंदुकांच्या प्रश्नावर ते आपल्या पक्षाच्या मतदारापासून किती लांब उभे आहेत, हे कळायला २००७ उजाडावं लागलं. केनेडी यांचंही तसंच. त्यांच्या आडनावाइतकं ओळखीचं आडनाव अमेरिकेत दुसरं नव्हतं. पण अध्यक्ष का व्हायचंय, या टीव्हीवरच्या साध्या प्रश्नाला ते अडखळले. ती मुलाखत दाखवली गेली ४ नोव्हेंबर १९७९ ला, आणि त्याच दिवशी तेहरानमध्ये अमेरिकी दूतावास ताब्यात घेतला गेला, त्यामुळे देश काही काळ का होईना कार्टर यांच्या मागे उभा राहिला. तेव्हा ओळख दोन प्रकारची, नावाची आणि माणसाची. चाचणी दोन्हींना एकाच तागडीत तोलते.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा. मतदार मेंढरू आहे; एका राज्यात कोणी जिंकला की बाकीचे त्याच्या मागे. आकडे वरवर तसंच सांगतात. २०२० मध्ये ज्यो बायडेन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना त्यांनी जवळजवळ ४९ टक्के घेऊन जिंकलं. पुढच्या दोन दिवसांत पीट बुटिजेज आणि एमी क्लोबुशार या मध्यममार्गी स्पर्धकांनी माघार घेतली. ३ मार्चला १४ राज्यांत मतदान झालं त्यांतली १० बायडेन यांची. त्यांत मिनेसोटा, म्हणजे क्लोबुशार यांचं घर, आणि मॅसॅच्युसेट्स, म्हणजे एलिझाबेथ वॉरन यांचं, जिथे वॉरन तिसऱ्या आल्या. तीन दिवसांत लाखो लोकांनी विचार बदलला? विचार बदललाच नव्हता. ट्रम्प यांना हरवू शकेल असा कोणीतरी मध्यममार्गी, हा विचार त्यांनी वर्षभर धरून ठेवला होता. प्रश्न होता तो कोण एवढाच. कोणावर बाकीचे एकवटतायत हे कळेपर्यंत एकट्याने ठरवण्यात अर्थ नव्हता. साउथ कॅरोलायनाने ते कळवलं. २००८ चं उदाहरण याहून बोलकं आहे. २००७ मध्ये कृष्णवर्णीय मतदारांतही हिलरी क्लिंटन यांचं पारडं हलकं नव्हतं, काही चाचण्यांत त्या बराक ओबामांच्या पुढे होत्या. मग ३ जानेवारीला आयोवाने, जिथली नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती तेव्हा गोरी होती, ओबामांना पहिलं केलं. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात जवळजवळ पाचपैकी चार कृष्णवर्णीय मतदार ओबामांकडे होते. त्यांना ओबामा आवडत नव्हते आणि एकाएकी आवडू लागले असं नाही. गोरे लोक याला मत देतील का, ही शंका होती आणि तिचं उत्तर मिळालं. याला मेंढरू म्हणायचं तर भरती-ओहोटी पाहून होडी लोटणाऱ्या कोळ्यालाही म्हणावं लागेल.

चाचण्या पहिली पसंती विचारतात. आठ-दहा उमेदवारांच्या लढतीत पहिल्या पसंतीहून मोलाची असते ती दुसरी. आयोवातल्या डेमोक्रॅटिक कॉकसमध्ये २०२० पर्यंत हे उघड्या डोळ्यांनी दिसायचं. शाळेच्या जिमखान्यात किंवा चर्चच्या दालनात लोक जमायचे आणि ज्याच्या त्याच्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे. साधारण नियम असा की ज्या कोपऱ्यात १५ टक्के माणसं भरली नाहीत तो कोपरा बाद. मग त्या कोपऱ्यातल्या माणसांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, आणि उरलेल्या कोपऱ्यांतले शेजारीपाजारी त्यांना हात करकरून बोलवायचे. सगळ्यांचा नावडता नसणं, ही तिथली पात्रता. महाराष्ट्राला हे गणित शिकवायला नको. १० जून २०२२ ची राज्यसभेची निवडणूक आठवा. पहिल्या पसंतीची ३३ मतं घेतलेले शिवसेनेचे संजय पवार पडले आणि २७ घेतलेले भाजपचे धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या जोरावर निवडून आले. मतदार होते आमदार, एकेका मताचा हिशेब कागदावर मांडलेला, तरीही पहिल्या रकान्यावर नजर ठेवणाऱ्यांची फसगत झाली. मग ज्यांनी अजून उमेदवारांची नावंही धड ऐकलेली नाहीत त्यांच्या पहिल्या रकान्यावर किती विसंबायचं?

ओळखीचा आणि दुसऱ्या पसंतीचा, हे दोन्ही धडे न्यूयॉर्कने एकदमच दिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापौरपदाच्या डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी झालेल्या एका चाचणीत माजी गव्हर्नर अँड्र्यू क्युओमो ३३ टक्क्यांवर होते आणि झोहरान ममदानी १ टक्क्यावर. क्युओमो २०२१ मध्ये आरोपांच्या गदारोळात राजीनामा देऊन गेले होते. नाव ओळखीचं, माणूसही ओळखीचा, आणि ती दुसरी ओळख फारशी कामाची नव्हती. ममदानी यांचं नाव उच्चारायलाच शहराला दोन महिने लागले असतील. तिथे मतपत्रिकेवर पाच पसंतीक्रम देता येतात. ममदानी आणि दुसरे एक उमेदवार ब्रॅड लँडर यांनी एकमेकांना पाठिंबा दिला, म्हणजे आपापल्या मतदारांना सांगितलं की दुसरी पसंती त्याला द्या. स्पर्धकाचा प्रचार स्पर्धकाने करायचा, ही गोष्ट आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघात कोणी करून पाहावी. २४ जूनला ममदानी पहिल्याच फेरीत पुढे होते आणि पसंतीक्रमांची मोजणी संपली तेव्हा हिशेब सुमारे ५६ विरुद्ध ४४ असा होता. फेब्रुवारीतला तो १ टक्का खोटा नव्हता. त्या दिवशी त्यांना ओळखणारे तेवढेच होते.

पैशाने ओळख विकत मिळते हा शेवटचा आक्षेप, आणि तो अर्धा खरा आहे. ओळख मिळते, पसंती मिळेलच असं नाही. मायकेल ब्लूमबर्ग यांनी २०२० मध्ये सुमारे शंभर कोटी डॉलर ओतले आणि जिंकली ती एक अमेरिकन सामोआ, प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं. आपल्याकडे पक्षांतर्गत निवडणुकीचा हा सगळा खटाटोपच नाही. तिकीट वरून येतं, एबी फॉर्म शेवटच्या तासाला येतो आणि ज्याला मिळत नाही तो अपक्ष अर्ज भरतो. २०१४ ला काँग्रेसने वर्धा आणि लातूरमध्ये पक्षांतर्गत निवडणुकीने उमेदवार ठरवून पाहिला. मतदार म्हणजे पक्षाचेच पदाधिकारी. दोन्ही जागा भाजपने जिंकल्या आणि प्रयोग तिथेच राहिला.

पण या खेळातला एक मराठी माणूस मात्र आहे. ‘ही श्रींची इच्छा’ हे आत्मचरित्र ज्यांच्या कपाटात आहे त्यांना बेळगावचे श्री ठाणेदार सांगायला नकोत. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवारी मागताना त्यांनी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर घातले, टीव्हीवर जाहिरातींचा मारा केला आणि त्या वसंतात काही चाचण्यांत चक्क पहिले आले. ऑगस्टमध्ये मतदान झालं तेव्हा ग्रेचेन व्हिटमर यांना ५२ टक्के मिळाली आणि ठाणेदार सुमारे १८ टक्क्यांसह तिसरे. चार वर्षांनी ते पुन्हा उतरले, या वेळी डेट्रॉइट आणि परिसराच्या तेराव्या मतदारसंघातून, अमेरिकी काँग्रेससाठी. नऊ उमेदवार होते. ठाणेदार यांना २८ टक्के मिळाली, उरलेली ७२ बाकीच्या आठ जणांत वाटली गेली आणि त्यांची उमेदवारी पक्की झाली. डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्लाच असल्याने नोव्हेंबरची निवडणूक सोपी गेली. बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्तीच्या डेट्रॉइटला त्यामुळे जवळजवळ सत्तर वर्षांत पहिल्यांदा एकही कृष्णवर्णीय खासदार उरला नाही. दुसरी पसंती मिशिगनच्या त्या मतपत्रिकेवर विचारलेलीच नव्हती.