प्रतीक्षालयातील चातुर्वर्ण्य

विमानाने प्रवास करणाऱ्या माणसाचा बराचसा वेळ आकाशात नव्हे, जमिनीवरच जातो. मुंबईहून चिपीला यायला विमानाला सव्वा ते दीड तास पुरतो. परंतु घरून निघणे, सामानाची तपासणी, रांगा आणि मग उड्डाणाची प्रतीक्षा यांत त्याहून कितीतरी अधिक वेळ खर्ची पडतो. हा वेळ कोणी कसा काढावा, याचीही एक व्यवस्था विमान कंपन्यांनी जगभर लावून ठेवली आहे. ज्याच्यापाशी विशिष्ट दर्जाचे कार्ड असेल त्याला काचेच्या दारापलीकडचे ‘लाउंज’ खुले होते. तेथे मऊ खुर्च्या, गरम जेवण आणि निवांतपणा असतो. ज्याच्यापाशी ते नाही, त्याच्या वाट्याला सार्वजनिक दालनातील कडक खुर्ची आणि खिशाला न परवडणारा चहा येतो. हा प्रश्न मूठभरांच्या चैनीचा आहे, सिंधुदुर्गाचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. वस्तुतः ताटकळत राहणे कोकणी माणसाच्या इतके अंगवळणी पडले आहे की, प्रतीक्षालय कसे असावे याविषयी बोलण्याचा त्याच्याइतका अधिकार दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल.

या व्यवस्थेचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकन एअरलाइन्सने न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर १९३९ साली आपल्या मानकऱ्यांसाठी पहिले विश्रांतिगृह उघडले, तेव्हा तेथील प्रवेश निमंत्रणावर अवलंबून होता. कंपनीने ज्याला प्रतिष्ठित मानले तोच आत जाई. पुढे १९७८ साली अमेरिकेत विमान वाहतुकीवरील सरकारी बंधने उठली, स्पर्धा वाढली आणि गिऱ्हाईक आपल्याकडेच टिकवून धरण्याची युक्ती शोधणे कंपन्यांना भाग पडले. योगायोग असा की, ज्या १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच दिवशी अमेरिकन एअरलाइन्सने प्रवासाचे मैल मोजून बक्षीस देणारी आपली योजना जाहीर केली. इतर कंपन्यांनी तिचे अनुकरण केले. आपल्या एअर इंडियाची ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही योजनाही त्याच वंशातील. तिचेच आजचे नाव ‘महाराजा क्लब’ असे आहे. तिच्यात तांबडा, रुपेरी, सोनेरी आणि प्लॅटिनम असे चार दर्जे आहेत. चार दर्जे, आणि तेही रंगांवरून ओळखले जाणारे! ‘वर्ण’ या शब्दाचा मूळ अर्थ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे हसू आल्यावाचून राहणार नाही.

अर्थात हे चातुर्वर्ण्य जन्माने ठरत नाही, एवढे त्याच्या बाजूने मान्य केले पाहिजे. येथे वर्ण दर वर्षी नव्याने सिद्ध करावा लागतो आणि प्रवास घटला की तो जातोही. कंपनीच बुडाली तर सोनेही मातीमोल होते. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेजची उड्डाणे थांबली, तेव्हा वर्षानुवर्षे जपलेला दर्जा वरच्या श्रेणीच्या प्रवाशांच्या हातून असाच निसटला. पण हा वर्ण मिळतो कशाने? या योजनांना कंपन्या निष्ठेच्या योजना म्हणतात. पूर्वी निष्ठा अंतराने मोजली जाई. आता ती पैशाने मोजली जाते. डेल्टा या अमेरिकन कंपनीने २०१५ साली आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ साली मैलांऐवजी तिकिटाच्या किमतीवर गुण देण्यास आरंभ केला. एअर इंडियानेही २०२४ मध्ये तीच वाट धरली. एका भारी तिकिटाची निष्ठा आता दहा स्वस्त तिकिटांच्या निष्ठेला मागे टाकू शकते.

त्यातही गंमत अशी की, हा पैसा पुष्कळदा प्रवाशाचा नसतोच. कचेरीच्या कामासाठी महिन्यातून चारदा दिल्लीला जाणाऱ्याचे तिकीट त्याची कंपनी काढते. दर्जा मात्र त्याच्या नावावर जमा होतो आणि सुटीत तो सहकुटुंब निघाला तरी लाउंजचे दार त्याला उघडेच राहते. हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे. सरकारी प्रवासावर मिळालेले असे मैल खासगी कामासाठी वापरल्याबद्दल २००२ साली जर्मनीत गदारोळ उठला आणि बर्लिनच्या सरकारात अर्थव्यवस्थेचे (वित्ताचे नव्हे) खाते सांभाळणारे ग्रेगोर गीझी यांना पद सोडावे लागले. आपल्याकडेही केंद्र सरकारने शासकीय तिकिटांवरील मैल शासकीय प्रवासासाठीच वापरावेत असा दंडक घातला आहे. मैलांचा हिशेब मागता येतो. आरामखुर्चीचा मागणे कठीण असते.

आता सिंधुदुर्गाकडे वळू. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी परुळे-चिपीच्या सड्यावर विमानतळाचे उद्घाटन झाले. अडीच हजार मीटरांची धावपट्टी, सत्तर आसनांचे छोटे विमान आणि ‘उडान’ योजनेतील सुमारे अडीच हजार रुपयांचे तिकीट यांमुळे सामान्य माणसाला विमान परवडेल अशी आशा निर्माण झाली. पण फेऱ्या रद्द होण्याच्या तक्रारी सतत येत राहिल्या. योजनेतील तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपताच अलायन्स एअरची मुंबईची सेवाही थांबली. दरम्यान डिसेंबर २०२२ मध्ये पलीकडे मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि बांदा-सावंतवाडीचा प्रवासी तिकडे वळू लागला. मुंबई ते चिपी हे हवाई अंतर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास भरते. मैल मोजा वा रुपये मोजा, इतक्या आखूड आणि सवलतीच्या प्रवासातून सोनेरी दर्जा कमावण्यास किती वर्षे लागतील याचे गणित वाचकांनीच करावे. ज्या मार्गावर विमानाचीच शाश्वती नाही, तेथे वारंवार उडणारा प्रवासी निपजणार कोठून?

आणि तरीही निष्ठा हाच निकष असेल, तर या देशात चाकरमान्याइतका निष्ठावंत प्रवासी शोधून सापडणार नाही. गणपतीला, शिमग्याला, आंगणेवाडीच्या जत्रेला तो येतो म्हणजे येतोच. आधी तो बोटीने मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरात उतरला, मग एस.टी.ने घाटांची वळणे मोजत आला आणि १९९८ पासून कोकण रेल्वेने येतो आहे. आरक्षण मिळो न मिळो, गाडी वेळेवर असो नसो, त्याने गावाकडे पाठ फिरवलेली नाही. चाळीस-चाळीस वर्षांच्या या निष्ठेची नोंद कोणत्याही संगणकात नाही, आणि तिच्याबद्दल कुडाळ वा कणकवलीच्या फलाटावर कोणी त्याला साधी खुर्ची पुढे केलेली नाही. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बाजार ज्याला निष्ठा म्हणतो ती वास्तविक खरेदीची क्षमता असते. ज्याला दुसरा पर्याय आहे त्याचीच निष्ठा विकत घेतली जाते. ज्याला पर्याय नाही त्याची गृहीत धरली जाते.

याला उत्तर दिले जाते ते असे. विमान कंपनी हा व्यापार आहे. ज्या गिऱ्हाइकामुळे धंदा चालतो त्याला तिने चार सुखे जास्त दिली तर इतरांचे काय बिघडले? शिवाय लाउंज, दुकाने, उपाहारगृहे यांपासून विमानतळाला जे उत्पन्न मिळते, त्याचा तीस टक्के भाग विमानतळाचे आकार ठरवताना जमेस धरावा असे २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणाने सांगितले आहे. म्हणजे लाउंजमुळे सामान्य प्रवाशाचा भार काही अंशी हलकाच होतो. हा युक्तिवाद पोकळ नाही. लाउंजना टाळे ठोकावे असे आमचे म्हणणेही नाही. पैसे मोजून कोणी निवांत बसू पाहत असेल तर त्याबद्दल असूया बाळगण्याचे कारण नाही.

बिघडते ते वेगळेच. प्रतीक्षालयातील पंखा बंद असेल, पाणी नसेल, स्वच्छतागृहात पाय ठेववत नसेल, तर त्याविरुद्ध आवाज उठवण्याची ऐपत ज्यांच्यात असते तीच माणसे आधी काचेच्या दारापलीकडे निघून जातात. अधिकारी, व्यापारी, लोकप्रतिनिधी यांना सार्वजनिक दालनात बसण्याचा प्रसंगच येत नाही. ज्यांचे ऐकले जाते त्यांना सोसावे लागत नाही आणि ज्यांना सोसावे लागते त्यांचे ऐकले जात नाही. खासगी शाळांमुळे सरकारी शाळेचे आणि खासगी इस्पितळांमुळे सरकारी दवाखान्याचे जे झाले, तेच येथेही घडते. गंमत म्हणजे या पळवाटेचाही आता चेंगट झाला आहे. बँकांनी कार्डावर फुकट लाउंज देऊ केल्याने काचेच्या दाराबाहेरच रांगा लागू लागल्या आणि अखेर अनेक बँकांना किमान खर्चाच्या अटी घालाव्या लागल्या. सार्वजनिक दालन नीट असते, तर त्यातून सुटका करून घेण्यासाठी इतकी धडपड कोणी केली असती काय?

या प्रश्नाचे एक उत्तर कोकणच्याच प्रतिनिधीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. १९७१ ते १९९१ अशी वीस वर्षे राजापूर मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व करणारे प्रा. मधु दंडवते १९७७ साली रेल्वेमंत्री झाले. तोवर दुसऱ्या वर्गाच्या शयनयानातील प्रवासी लाकडी फळीवर रात्र काढत असे. दंडवत्यांनी त्या फळीवर दोन इंच फोम बसवण्याचे ठरवले. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई-हावडा मार्गावर सुरू झालेली गीतांजली एक्स्प्रेस ही तर केवळ दुसऱ्या वर्गाचीच गाडी होती. पहिला वर्ग खाली ओढावा असा त्यांचा हेतू नव्हता. दुसरा वर्ग वर उचलावा असा होता. समाजवादाची पोथी कितीही जाड असली, तरी सामान्य माणसाच्या पाठीला कळला तो हा दोन इंचांचा समाजवाद. आज त्या फोमचे कोणाला अप्रूप वाटत नाही, यातच त्या निर्णयाचे यश आहे.

तोच दृष्टिकोन इतरत्र अधूनमधून दिसतो. राज्य परिवहनने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना अर्धे तिकीट दिले, तेव्हा सवलतीचा निकष गरज हा होता, खर्च नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ उघडले आणि दहा रुपयांत चहा मिळू लागला. पुढे ही सोय अन्य काही विमानतळांवरही झाली. विमानतळावर दहा रुपयांचा चहा अशक्य आहे, ही समजूत एका टपरीवजा दुकानाने खोटी ठरवली. नियमही पुरेसे आहेत. अडीच तासांपर्यंतच्या फेरीला दोन तासांहून अधिक उशीर झाल्यास, वेळेवर हजर झालेल्या प्रवाशाला अल्पोपाहार देणे कंपनीवर बंधनकारक आहे. हा हक्क कार्डाचा रंग पाहून मिळत नाही, तिकिटासरशी मिळतो. तो मागावा लागतो, एवढेच. आणि मागण्यासाठी तो ठाऊक असावा लागतो.

म्हणून सिंधुदुर्गाच्या लोकप्रतिनिधींनी चिपीसाठी नव्या फेऱ्यांची मागणी जरूर करावी, पण तेवढ्यावर थांबू नये. प्रवाशाच्या हक्कांचा फलक मराठीत ठळकपणे लावलेला असावा, परवडणारा चहा-नाश्ता मिळावा, म्हाताऱ्या माणसाला पाठ टेकता यावी आणि तान्ह्या मुलाच्या आईला आडोसा मिळावा, असा आग्रह त्यांनी धरावा. तीच फूटपट्टी त्यांनी एस.टी. स्थानकांना आणि रेल्वेच्या फलाटांनाही लावावी. गणपतीच्या दिवसांत धो धो पावसात गाडी थांबते, तेव्हा डब्याच्या दारापर्यंत छप्पर पोचते की नाही, याची पाहणी करायला कोणत्याही समितीची गरज नाही. छत्री न घेता एकदा फलाटावर उभे राहिले की पुरे. विमानतळाच्या वापराचा आकार तिकिटातून प्रत्येक प्रवासी भरतो, आणि जेथे पैसा सर्वांचा आहे तेथे किमान सोयही सर्वांचीच असली पाहिजे.

लाउंजमध्ये किती पक्वान्ने आहेत यावरून विमानतळाची प्रतिष्ठा ठरत नाही. ज्याच्यापाशी कोणत्याच रंगाचे कार्ड नाही, अशा माणसाला तेथे चार तास थांबावे लागले तर त्याला आपण नकोसे आहोत असे वाटते की नाही, यावरून ती ठरते. दोन इंच फोमला पन्नास वर्षे होत आली. प्रतीक्षालयातल्या खुर्चीपर्यंत तो अजून पोचायचा आहे.