मुलाला ‘दिसणारा’ मित्र: भूत, कल्पना की आणखी काही? पडद्यावरची भीती आणि घरातलं वास्तव

“आई, तिला पण पोळी वाढ ना.” स्वयंपाकघरात आई आणि पाच वर्षांचा मुलगा, दोघंच. तिसरं कोणी नाही. आई वळून बघते, मुलगा रिकाम्या पाटाकडे बघून हसतो आणि पार्श्वसंगीत थांबतं.

असा प्रसंग तुम्ही कुठल्या ना कुठल्या भयपटात पाहिला असेलच. मुलाचा न दिसणारा मित्र हा या सिनेमांचा हुकमी एक्का आहे. हॉलिवूडमध्ये मार्च २०२४ मध्ये आलेल्या ‘इमॅजिनरी’मध्ये हा मित्र म्हणजे चॉन्सी नावाचं टेडी बेअर होतं. त्याच्या २० वर्षं आधी आपल्याकडे ‘वास्तुशास्त्र’ येऊन गेला होता. राम गोपाल वर्मांची निर्मिती, सौरभ नारंग यांचं दिग्दर्शन. सुश्मिता सेनचं कुटुंब पुण्याबाहेरच्या एका एकाकी बंगल्यात राहायला येतं आणि छोट्या रोहनला तिथे मनीष आणि ज्योती हे दोन मित्र भेटतात, जे घरात दुसऱ्या कोणालाच दिसत नाहीत. बंगल्याबाहेर एक झाड आहे. पुढचं सांगायला नको.

सिनेमा अडीच तासांत संपतो. पण रिकाम्या पाटाकडे बघून हसणारं मूल खऱ्या घरांतही असतं, आणि तिथे पुढे काय होतं हे त्या घरातली मोठी माणसं काय समजतात यावर ठरतं. काही घरांत मुलाचं कौतुक होतं, काही घरांत त्याची दृष्ट काढली जाते. आणि काही घरांत त्याला मिरचीची धुरी दिली जाते. म्हणून हा विषय फक्त मनोरंजनाच्या पानावरचा नाही.

मुंजा आणि नामदेव

हे सगळं परदेशी सिनेमांमधून आलं, असं म्हणणं सोपं आहे. पण मराठी माणसाला पिंपळावरचा मुंजा कोणी इंग्रजीतून शिकवलेला नाही. मुंज झाल्यावर आणि सोडमुंज होण्याआधी वारलेला मुलगा मुंजा होतो, ही समजूत कोकणापासून विदर्भापर्यंत आहे. आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’ने जून २०२४ मध्ये हीच गोष्ट देशभर पोहोचवली आणि कोणताही मोठा स्टार नसताना १०० कोटींहून जास्त कमाई केली. त्यातली गंमत बघा. मुंज्या सगळ्यांना दिसत नाही. तो बिट्टूच्या मानगुटीवर बसतो, त्याच्याशी बोलतो, हट्ट करतो आणि आजूबाजूच्यांना वाटतं की बिट्टू हवेशी बोलतोय. हा न दिसणाऱ्या मित्राचाच सिनेमा आहे, फक्त त्याला कोकणी मातीचा वास आहे.

याच परंपरेत दुसरी गोष्टही आहे आणि ती आपण विसरतो. लहानग्या नामदेवाने विठ्ठलासमोर नैवेद्य ठेवला, देव जेवेना म्हणून हट्ट धरला आणि देव जेवला. घरच्यांना ते आधी खरं वाटलं नाही. जनाबाईबरोबर जात्यावर दळायला बसणारा विठ्ठलही तिच्याशिवाय कोणाला दिसत नव्हता. म्हणजे इतरांना न दिसणाऱ्या कोणाशी तरी बोलणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे दोन खण तयार आहेत, एक भक्तीचा आणि एक बाधेचा. मूल तेच असतं. त्याला कोणत्या खणात टाकायचं ते मोठे ठरवतात.

तिसरा, अगदी साधा खण मात्र आपण फारसा वापरत नाही. मूल खेळतंय, हा तो खण.

संशोधन काय सांगतं?

अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ मार्जोरी टेलर यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. त्यांचं आणि सहकाऱ्यांचं २००४ मध्ये प्रसिद्ध झालेलं संशोधन सर्वात जास्त सांगितलं जातं. त्यांनी १०० मुलांना बालवाडीच्या वयात आणि नंतर पुन्हा सहा-सात वर्षांचं असताना भेटून विचारलं. सात वर्षांचं होईपर्यंत ६५ टक्के मुलांचा कधी ना कधी असा काल्पनिक सोबती होऊन गेला होता. यात पूर्णपणे अदृश्य मित्र होते, तसंच ज्यांना मुलांनी स्वतःचा स्वभाव आणि आवाज दिला होता अशा बाहुल्या आणि खेळणीही होती. यातल्या कित्येक सोबत्यांचा आईवडिलांना पत्ताच नव्हता.

संख्या छोटी आहे आणि मुलं अमेरिकेतली आहेत, त्यामुळे भिवंडीतल्या किंवा बीडमधल्या मुलांनाही हाच आकडा लागू होईल असं मानू नये. पण एक गोष्ट स्पष्ट होते, की हा प्रकार दुर्मीळ नाही आणि तो आजाराची खूण आहे असंही नाही.

टेलर यांच्या कामातला आणखी एक मुद्दा भयपट बनवणाऱ्यांनी नेमका उलटा करून वापरलाय. हे मित्र नेहमी गोड नसतात. ते ऐकत नाहीत, खोड्या काढतात, बोलावलं तर येत नाहीत, नको तेव्हा येतात. मूल तक्रार करतं की ‘ती आज माझ्याशी भांडली’. ऐकणाऱ्या मोठ्या माणसाच्या अंगावर काटा येतो. मूल मात्र त्यातून भांडण, राग, भीती, वाटून घेणं याची तालीम करत असतं. आणि बहुतेक मुलांना हे खोटं-खोटं आहे हे नीट माहीत असतं. टेलर यांच्या अभ्यासात मुलं प्रश्न विचारणाऱ्यांनाच मध्ये थांबवून सांगायची, की ‘अहो, ही खरी नाहीये, हे नुसतं खेळायचं आहे.’ पडद्यावरचं मूल हे वाक्य कधीच म्हणत नाही. म्हटलं तर सिनेमा तिथेच संपेल.

मग काळजी कधी करायची?

काही खुणा वेगळ्या असतात. मूल त्या मित्राला घाबरतं, त्याच्यापासून लपतं. तो ‘सांगतो’ म्हणून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करतं. झोप, जेवण, शाळा बिघडते. आधी येणाऱ्या गोष्टी, जसं की बोलणं किंवा शी-शूचं नियंत्रण, मागे पडतात. दहा-बारा वर्षांच्या मुलाला अचानक आवाज ऐकू यायला लागतात. किंवा मूल काही क्षण एकटक बघत राहतं, हाक मारली तरी भानावर येत नाही आणि नंतर त्याला काही आठवत नाही.

यातलं शेवटचं लक्षण फिटचं असू शकतं. फिट म्हणजे हातपाय झाडणं आणि तोंडाला फेस, एवढंच आपल्याला माहीत असतं, पण काही फिट नुसत्या टक लावून बघण्याच्याही असतात. जोरदार तापातही मुलांना भास होतात. झोप लागताना किंवा मोडताना ‘कोपऱ्यात कोणीतरी उभं होतं’ हा अनुभव तर मोठ्यांनाही येतो. स्किझोफ्रेनियासारखा आजार तेरा वर्षांच्या आत फारच क्वचित दिसतो. म्हणजे ‘लागीर’ या एका शब्दाखाली आपण चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आणि त्या प्रत्येकीवर उपाय वेगळा असतो.

गणेशपुरीहून डॉक्टर किती लांब?

भिवंडी तालुक्यातलं गणेशपुरी घ्या. तानसा नदीकाठचं गाव, गरम पाण्याची कुंडं, भीमेश्वराचं देऊळ, १९६१ मध्ये इथे समाधिस्थ झालेल्या नित्यानंद स्वामींचं समाधी मंदिर, शेजारी वज्रेश्वरी. शनिवार-रविवारी मुंबई-ठाण्याच्या गाड्या आणि आजूबाजूला वारली, कातकरी, मल्हार कोळी यांचे पाडे. अशा गावात मूल विचित्र वागायला लागलं की घरचे आधी देवळात जातात. त्यात कुरकूर करण्यासारखं काही नाही. आई मुलाला घेऊन समाधीवर डोकं टेकवते, अंगारा लावते, घरी येऊन मीठ-मोहरीने दृष्ट काढते. याने मुलाचं काही बिघडत नाही, उलट घाबरलेल्या आईला थोडा धीर येतो.

प्रश्न त्यानंतरचा आहे. वज्रेश्वरीला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मानसोपचारतज्ज्ञ म्हटलं की गाडी भिवंडी ओलांडून ठाण्याकडे जाते. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचं. त्याची ओळख आजही ‘वेड्यांचं हॉस्पिटल’ अशीच असल्याने पाच वर्षांच्या पोराला तिथे न्यायला कोण तयार होईल? देशात एक लाख लोकांमागे ०.७५ मानसोपचारतज्ज्ञ आहेत, म्हणजे एकही पुरा नाही, आणि त्यातही मुलांवर काम करणारे आणखी थोडे. भगत मात्र पाड्यावरच असतो. तो ओळखीचा असतो, घरच्यांच्या भाषेत बोलतो, वेळ देतो. लोक भगताकडे अडाणीपणामुळे जातात हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. लोक त्याच्याकडे जातात कारण तो आहे.

आणि सगळे भगत मारहाण करतात असंही नाही. पण जिथे होते, तिथे मुलाला ‘नको’ म्हणायची सोय नसते. मेळघाटात लहान बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे २२ दिवसांच्या बाळाच्या पोटावर ६५ चटके दिल्याचं उघड झालं होतं.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डिसेंबर २०१३ मध्ये मंजूर झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला खून झाल्यावर सरकारने आधी अध्यादेश काढला होता. या कायद्यात ‘अंधश्रद्धा’ची व्याख्या नाही. त्याऐवजी अनुसूचीत १२ प्रकारची कृत्यं दिली आहेत आणि गुन्हा फक्त त्यांचाच होतो. त्यातलं पहिलंच कलम भूत उतरवण्याबद्दल आहे: बांधून मारणं, चाबकाने फोडणं, मिरचीची धुरी देणं, टांगून ठेवणं, केस उपटणं, चटके देणं, पादत्राण भिजवलेलं पाणी पाजणं. भुताच्या कोपाची भीती घालून वैद्यकीय उपचारांपासून रोखणंही यात येतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ हजार ते ५० हजार.

घरच्या घरी दृष्ट काढणं, पूजा, कीर्तन, नवस यांना कायदा हात लावत नाही. कायदा आला तेव्हा ‘आता सत्यनारायणही घालता येणार नाही’ असा प्रचार झाला होता, तो खोटा होता.

कायद्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे. तो किमान पोलीस निरीक्षक दर्जाचा असतो आणि असे प्रकार शोधणं, थांबवणं हे त्याचं काम असतं. गणेशपुरीला ठाणे ग्रामीण पोलिसांचं स्वतःचं पोलीस ठाणं आहे, त्यामुळे तक्रारीसाठी फार लांब जावं लागत नाही. अडचण वेगळी आहे. पाच वर्षांचं मूल तक्रार करत नाही, आणि त्याला तिथे घेऊन जाणारे त्याचेच आईवडील असतात.

‘तो’ खरा असला तर?

२००५ मध्ये ‘हाइड अँड सीक’ नावाचा सिनेमा आला होता, रॉबर्ट डी नीरो आणि डकोटा फॅनिंगचा. आई गेल्यानंतर मुलीला चार्ली नावाचा मित्र मिळतो आणि घरात भयानक गोष्टी घडू लागतात. शेवटी कळतं की चार्ली कल्पनेतला नाहीच, तो घरातलाच मोठा माणूस आहे. (सिनेमा वीस वर्षं जुना आहे, त्यामुळे शेवट सांगितल्याबद्दल रागावू नका.)

सिनेमा म्हणून तो फार ग्रेट नाही. पण घाबरून ‘रात्री एक काका येतात’ असं सांगणाऱ्या मुलाला आपण ‘काही नाही रे, स्वप्न पडलं असेल’ म्हणून गप्प करतो, किंवा अंगारा लावून झोपवतो, तेव्हा हा शेवट आठवायला हवा. भूत आहे असं मानणारा आणि नुसती कल्पना आहे असं मानणारा, दोघंही इथे एकच चूक करू शकतात. ते काका कोण, हे दोघंही विचारत नाहीत. लैंगिक शोषणाचा संशय आला तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन २४ तास चालते. मानसिक आरोग्याबद्दल बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं. गणेशपुरीच्या आईसाठी ठाण्याच्या फेरीआधीचा हा सर्वात जवळचा डॉक्टर.

आता हा मित्र उत्तर देतो

इथपर्यंतच्या सगळ्या मित्रांमध्ये एक गोष्ट समान होती. त्यांचं बोलणं मुलाच्याच डोक्यातून यायचं. एआय चॅटबॉटचं तसं नाही. तो मुलाला नावाने हाक मारतो, कालचं बोलणं लक्षात ठेवतो, कधी झोपत नाही, आणि त्याचं बोलणं एका कंपनीच्या सर्व्हरवरून येतं. मुलाचा काल्पनिक मित्र त्याच्याशी भांडतो, रुसतो. हा मित्र बहुतेक वेळा मान डोलावतो आणि मला हाच फरक जास्त काळजीचा वाटतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये फ्लोरिडातल्या एका आईने कॅरेक्टर एआय या कंपनीवर खटला भरला. तिच्या १४ वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली होती आणि तो त्याआधी कित्येक महिने त्या ॲपवरच्या एका पात्राशी बोलत होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीने १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पात्रांशी मोकळ्या गप्पा बंद केल्या. कॅलिफोर्नियाने अशा सोबती चॅटबॉटसाठी वेगळा कायदा केला, तो १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला.

इथे एक ब्रेक लावायला हवा. २०१७ मध्ये मुंबईतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर ‘ब्लू व्हेल’ गेमची अशीच भीती पसरली होती, शाळांनी सूचना काढल्या, पालकांनी फोन काढून घेतले. नंतर सरकारने संसदेत सांगितलं की त्या गेममुळे मृत्यू झाल्याचा पुरावा मिळाला नाही. फोनमध्येही आपण मुंजा शोधू शकतो. चॅटबॉटचं प्रकरण मात्र वेगळं आहे, कारण इथे संभाषणं नोंदलेली असतात आणि कोर्टात वाचली जाऊ शकतात.

भारतात चॅटबॉट सोबत्यांसाठी वेगळा कायदा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळलेली संमती घेणं आणि मुलांच्या वागण्यावर पाळत न ठेवणं, ही बंधनं आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांना पूर्ण पालनासाठी १८ महिने दिले आहेत, म्हणजे मे २०२७ पर्यंत. तोवर घरातला फोन आईच्या नावाचा, खातं आईच्या मेलचं आणि त्यावर बोलणारं मूल सात वर्षांचं, हे असंच चालणार आहे. कंपनीच्या दृष्टीने तिथे मूल नाहीच, तिथे फक्त आई आहे.