रयत आणि नागरिक

१५ ऑगस्ट १९४७ रोजी भारत स्वतंत्र झाला. परंतु औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि त्याभोवतीचा सारा मराठवाडा परतंत्रच राहिला. हा मुलूख हैदराबादच्या निजामाच्या राज्यात मोडत असे. येथील शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जमीन कशी, सारा भरी. पण कारभारात त्याचे मत कोणी विचारीत नसे. जाहीर सभा भरवावयाची तरी सरकारची परवानगी लागे. माती त्याची होती, राज्य त्याचे नव्हते. तो केवळ रयत होता.

ही स्थिती पालटावी म्हणून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी मोठा लढा दिला. त्याआधी १९३८ मध्ये औरंगाबादच्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी शिक्षा पत्करली होती. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशी नव्हता. हैदराबादने भारतात सामील व्हावे, असे निर्भयपणे लिहिणारे पत्रकार शोएबुल्ला खान यांना ऑगस्ट १९४८ मध्ये त्यासाठीच प्राण गमवावे लागले. अखेर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली.

पुढे १९५१-५२ मध्ये देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी मतपेट्यांवर चिन्हे लावलेली होती. काल ज्याच्या शब्दाला किंमत नव्हती, त्या शेतमजुराचे मत आता जमीनदाराच्या मताएवढेच मोलाचे ठरले. रयतेचा नागरिक झाला तो असा.

परंतु हक्क मिळणे आणि तो बजावणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या निवडणुकीच्या याद्या तयार होत असताना कित्येक स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच ओळख सांगितली. त्यामुळे देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीत राहू शकली नाहीत. कायद्याने दार उघडले होते. आत पाऊल टाकण्यास मात्र स्वतःचे नाव उच्चारण्याचे धैर्य हवे होते. पुढे २०११ पासून महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या, यावरून केवढी वाट चालून झाली ते कळते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कारभार पाहू लागल्या. आज प्रत्येक गावात वर्षातून किमान चार ग्रामसभा भरतात. तेथे कोणाही मतदाराला उभे राहून हिशेब विचारता येतो. असे असूनही पुष्कळ माणसे ग्रामसभेला जात नाहीत. हापसा बंद पडला की पारावर बसून सरकारला बोल लावतात. ‘आपण एकट्याने जाऊन काय होणार?’ असे ती म्हणतात. हा विचार रयतेचा आहे, नागरिकाचा नव्हे. सारेच घरी बसले, तर चार माणसे साऱ्या गावाचा निर्णय करून मोकळी होतात. आणि गाव पुन्हा परक्याचे होते.

तसेच, एखाद्या वस्तीतील माणसांना जातीमुळे वा गरिबीमुळे सभेत बोलण्याचा संकोच वाटत असेल, तर त्या गावात लोकशाही अजून पुरती पोहोचलेली नाही, असेच म्हटले पाहिजे. ज्या गावात सर्वांत दुबळ्या माणसाचेही म्हणणे शांतपणे ऐकून घेतले जाते, तेच गाव खऱ्या अर्थाने सर्वांचे होय.