खाता येणारी सजावट

सणाला आपण रंगीत कागदाच्या पताका लावतो. सण सरला की त्या केरात जातात. पण सजावट खाताही आली तर?

युरोपातील क्रोएशिया देशाच्या उत्तर भागात 'लित्सितार' नावाची बिस्किटे करतात. लागते काय? पीठ, साखर, पाणी, खाण्याचा सोडा आणि मसाले. बहुधा हृदयाचा आकार देऊन ती भाजतात, वाळवतात आणि खाण्याच्या लाल रंगाने रंगवतात. वर नक्षी काढतात, कधी इवलासा आरसाही बसवतात. नाताळात ती झाडाला टांगतात. लग्नासाठी केली तर त्यांवर वधूवरांची नावे व तारीख लिहितात.

ही कारागिरी पूर्वी पुरुषांनाच शिकवीत. आता बायकाही शिकतात. २०१० साली युनेस्कोने तिला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. पिठाने माखलेल्या हातांचा केवढा हा मान! आपल्या घरी मात्र आईच्या हातची कला 'रोजचेच काम' म्हणून कुणी मोजत नाही. याची आम्हांला खंत वाटते.

सुंठ-गुळाची बिस्किटे घरी करून टांगायची असल्यास दोऱ्यासाठी भोक भाजण्याआधीच पाडा. नंतर पाडाल तर बिस्कीट तुटेल. दमट हवेत ती मऊ पडतात. टांगेपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आणि पीठ मळायला एकट्या मुलीला नको, मुलालाही बसवा. खायला तर दोघेही येणारच आहेत!