‘डी’ म्हणजे देव नव्हे

ऑटोमॅटिक गाडी दारात आली की माणसाचा डावा पाय आणि डोके हे दोन्ही अवयव एकाच दिवशी रिटायर होतात. पायाबद्दल तक्रार नाही. क्लचच नाही तर बिचाऱ्याने करायचे काय? माझे भांडण डोक्याशी आहे.

आमच्या साडूंचेच घ्या. पाचगणीहून पसरणीचा घाट उतरताना दांडा ‘डी’वर आणि उजवा पाय ब्रेकवर, तो थेट वाईपर्यंत! म्हटले, “अहो, दांडा ‘एल’वर घ्या की जरा.” तर म्हणाले, “मग ऑटोमॅटिकला जादा पैसे कशाला मोजले?”

आता याला काय सांगायचे? ज्या गिअरात चढायचे त्याच गिअरात उतरायचे, हे आपल्या एस.टी.च्या ड्रायव्हरला पाठ असते. खालच्या गिअरात इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. पण गिअरबॉक्सला घाट दिसत नाही. (काही नव्या गाड्यांना उतार कळतो म्हणे. साडूंच्या नाही.) तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढलात की त्याला वाटते, मालक निवांत आहेत; तो वरचा गिअर टाकून मोकळा! इंजिनची ओढ गेली, सगळी गाडी ब्रेकच्या गळ्यात पडली. आणि ब्रेकला विद्या एकच येते, वेगाची उष्णता करायची. सलग दाबून धरलात तर पॅड तापून पकड सोडतात. ब्रेक ऑइल उकळले तर त्यात वाफ होते, आणि वाफ दाबली की नुसती दबते. पाय फळीला टेकतो, गाडी आपली चाललेलीच.

त्याहून थोर म्हणजे पेट्रोल वाचवायला ‘एन’वर टाकून उतरणारे. हा हिशोब कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना उतारावर पाय उचलला की इंजिनचे पेट्रोल बहुधा बंदच होते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जाळावे लागते. म्हणजे जीव धोक्यात घालून वर खर्चही आपलाच!

आणि भज्यांसाठी उतारावर थांबल्यावर? ‘पी’वर टाकले की ही मंडळी हँडब्रेक विसरून पळालीच. ‘पी’ म्हणजे गिअरबॉक्सच्या दात्यात अडकणारी एक लहानशी खिटी. हजारभर किलोची गाडी तिच्यावर टांगून हे दुसरी प्लेट मागवतात! ब्रेक दाबलेला असतानाच आधी हँडब्रेक ओढा, मग ‘पी’वर घ्या, मग पाय काढा. मग दुसऱ्या प्लेटलाच काय, तिसऱ्या प्लेटलाही माझी ना नाही.